संघाचा फोटो टाकण्याआधी

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज सकाळी नाश्त्यानंतर आपल्या सगळ्यांचा एक ग्रुप फोटो निघाला. मी आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत तो शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. आत्ता बोलायला उठण्याआधी पाहिलं, तर दोघांच्या स्टेटसलाही लागलाय. फोटो काढताना 'जवळ या, इकडे बघा, हसा' हे सगळं आपल्याला सांगितलं गेलं. 'हा फोटो मी कुठे टाकू?' असं कुणी विचारलं का? ज्याला विचारलं त्याने हात वर करावा.

एकही हात नाही. मी तक्रार करत नाहीये. आपण सगळे मोठे आहोत, स्वतःच्या पायांनी इथे आलोय. तिसऱ्या रांगेत माझे डोळे मिटलेले आलेत, तेवढं सोडलं तर माझं काही बिघडलेलं नाही. पण फोटोतली माणसं बारा-तेरा वर्षांची असतील तर हाच न विचारलेला प्रश्न किती महागात पडतो, ते आज मला सांगायचंय. ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. माझ्या हातून घडलेली आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा पुण्याहून कोल्हापूरला घरी आलो. कंपनीने घरून काम चालू ठेवलं, म्हणून तिथेच राहिलो. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड काय असतं ते तुम्ही ऐकून असाल. पेठापेठांतल्या तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की निम्मं गाव तिकडे असतं. पण त्या गर्दीत मुली किती दिसतात? म्हणून आम्ही चार मित्रांनी शनिवार-रविवार सकाळी मुलींना शिकवायला सुरुवात केली. चौदा वर्षांखालच्या अकरा मुली जमल्या. त्यांतल्या चौघी आमच्या मोहल्ल्यातल्या. या चौघींसाठी एकेका घरी तीन-तीन वेळा चहा प्यायला, तेव्हा कुठे होकार आला. 'ट्रॅक पँट घालून खेळेल', 'सकाळीच खेळेल', 'सोडायला-आणायला तुम्ही याल', अशा अटींवर.

आमची गोलकीपर त्या चौघींपैकी. तेरा वर्षांची, सातवीतली. बोलायला कमी, पण गोलमध्ये उभी राहिली की बचावातल्या मुलींना ओरडून ओरडून जागा दाखवायची. दीड वर्षाने आम्ही एका छोट्या स्पर्धेत उतरलो आणि उपविजेते ठरलो. सामना संपल्यावर फोटो काढला. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहऱ्यावर ऊन आणि मधोमध गोलकीपर, बॉल कमरेवर धरून.

मी तो फोटो आमच्या संघाच्या इन्स्टाग्राम खात्यावर टाकला. खातं सगळ्यांना खुलं होतं. फोटोखाली मी काय लिहिलं ते जसंच्या तसं सांगतो, कारण खरी चूक तिथे आहे. डावीकडून उजवीकडे सगळ्या मुलींची पूर्ण नावं लिहिली. कुणाचा जर्सी नंबर काय, कुणाची शाळा कोणती तेही लिहिलं. शेवटी, 'आमचा सराव दर शनिवारी-रविवारी सकाळी साडेसहाला अमुक मैदानावर असतो, मुलींनो, तुम्हीही या.' माझा हेतू चांगला होता. आणखी मुली याव्यात, एवढंच मनात होतं. संध्याकाळपर्यंत तीनशेवर लाइक्स आले आणि मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी झाल्या.

पहिली मोहल्ल्यात झाली. कुणीतरी त्या फोटोतून गोलकीपरला तेवढी कापून घेतली आणि ते चित्र एका मोठ्या ग्रुपवर टाकलं. त्यावर फक्त चार शब्द होते: 'ही कुणाची मुलगी आहे?' शिवी नाही, धमकी नाही. पण त्या चार शब्दांचा अर्थ मोहल्ल्यात सगळ्यांना कळतो. रात्री तिचे चाचा आमच्या घरी आले. रागावलेही नाहीत. म्हणाले, "भाईसाब, तुम्ही शिकलेले आहात. आमच्या घरच्या मुलीला बाजारात उभं केलंत." पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

दुसरी गोष्ट आमच्या सात नंबरच्या मुलीची. ती मोहल्ल्यातली नाही, तिच्या घरी खेळाला विरोधही नाही. तिला एका अनोळखी खात्यावरून मेसेज आला. तिचं नाव घेऊन, नंबर सांगून, 'रविवारी सकाळी मैदानावर भेटू.' तिने तो आईला दाखवला हे आमचं नशीब. त्या रविवारी दोन मुलींच्या आया आणि आम्ही चौघे मैदानाच्या फाटकावर उभे राहिलो. कुणी आलं नाही. आलं असेल तर आम्ही ओळखलं नाही.

मी पोस्ट काढून टाकली. पण मी रोज ज्या क्षेत्रात काम करतो तिथे 'काढून टाकलं' या शब्दाला किती अर्थ असतो, हे मला माहीत असायला हवं होतं. ज्यांनी स्क्रीनशॉट घेतला त्यांच्याकडे फोटो आहेच. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो गॅलरीत उतरला असेल तर मूळ मेसेज पुसूनही तो तिथे राहू शकतो. हजार जणांच्या ग्रुपवर गेलेल्या चित्राची आपण फक्त आपली प्रत पुसू शकतो.

आता यातली तांत्रिक बाजू थोडी समजून घेऊ. मोबाइलने फोटो काढला की त्या फाइलमध्ये चित्राबरोबर आणखी माहिती साठते: तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर तो फोटो नेमका कुठे काढला ते. साधा फोटो म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवला तर ही माहिती गळून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर ती तशीच पुढे जाते. म्हणून कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

पण माझ्या प्रकरणात लोकेशनची गरजच पडली नाही. ते मी स्वतः मराठीत लिहून दिलं होतं. डेटाबेसमध्ये काम करणाऱ्यांना 'जॉइन' माहीत असतं. एका तक्त्यात चेहरा आहे, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात शाळा, चौथ्यात वेळापत्रक. हे तक्ते वेगवेगळे असताना फारसं काही कळत नाही. ते जोडले की एक ओळ तयार होते: ही मुलगी, या नावाची, या शाळेतली, रविवारी सकाळी साडेसहाला इथे असते. अनोळखी माणसाला जे शोधायला आठवडा लागला असता, ते मी त्याला एका कॅप्शनमध्ये जोडून दिलं. फोटोपेक्षा ही जोडणी जास्त धोक्याची असते, हे लक्षात ठेवा.

आणि या जोडणीला वर्षांची मर्यादा नसते. २०१४ मध्ये याहू कंपनीने फ्लिकर या संकेतस्थळावरचे, लोकांनी स्वतः टाकलेले सुमारे दहा कोटी फोटो संशोधनासाठी एकत्र करून दिले. त्यांतून अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने 'मेगाफेस' नावाचा चेहऱ्यांचा संच बनवला. जवळपास पावणेसात लाख माणसांचे चेहरे त्यात होते आणि चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअर त्यावर तयार झाली, तपासली गेली. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने यातल्या काही कुटुंबांना शोधून काढलं. एका आईने २००५ मध्ये आपल्या लहान मुलांचे फोटो कौतुकाने टाकले होते आणि ती ते खातं विसरूनही गेली होती. मुलगी कॉलेजात गेल्यावर कळलं की तिचं बालपण या संचात आहे. पुढे २०२० च्या जानेवारीत क्लिअरव्ह्यू या कंपनीची बातमी आली. तिने इंटरनेटवरून तीनशे कोटींहून जास्त फोटो गोळा केले होते. त्यांत एक चेहरा टाकला की तो आणखी कुठे कुठे दिसलाय ते समोर येतं. आपण फोटो टाकतो तो आजच्या लाइक्ससाठी, पण तो वाचणारी यंत्रं आणखी दहा वर्षांनी येणार असतात.

इथे आपल्यापैकी काहींच्या मनात एक गोष्ट आली असेल. विशेषतः मुलींच्या. मलाही ती टाळता येत नाही. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई'. मुस्लिम बायकांचे सोशल मीडियावरचे फोटो उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडणारी ही ॲप्स. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, विद्यार्थिनी होत्या. ही ॲप्स गिटहबवर होती. गिटहब म्हणजे माझं रोजचं ऑफिस. सकाळी लॅपटॉप उघडला की मी पहिल्यांदा तिथे जातो. 'बुल्ली बाई' प्रकरणात मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत विशी-एकविशीची मुलं होती, इंजिनिअरिंग शिकणारी. मी शिकलो तेच शिकणारी. त्या आठवड्यात मला कामावर बसवत नव्हतं.

पण त्या वेळी आपल्या घराघरांत काय बोललं गेलं ते आठवा. 'बघा, म्हणून सांगत होतो, फोटो टाकू नका.' गुन्हा करणाऱ्यांना नेमकं हेच हवं होतं. बोलणाऱ्या बायकांनी गप्प बसावं, दिसू नये. आपण घरात बसून त्यांचं काम पूर्ण केलं. त्या बायका स्वतःच्या निर्णयाने, स्वतःच्या नावाने, जाहीरपणे बोलत होत्या. त्यांना मागे ओढणं हा उपाय असूच शकत नाही. अनेकींनी तक्रारी केल्या, पाठपुरावा केला, म्हणून अटका झाल्या.

मग तेरा वर्षांच्या गोलकीपरचं काय? फरक एवढाच, की तिने जाहीर व्हायचं ठरवलं नव्हतं. ते मी ठरवलं होतं. आणि नंतर जाहीर व्हायचं नाही, हे चाचांनी ठरवलं. दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नाही. मला हे मान्य करायला जड गेलं, कारण मी स्वतःला चाचांच्या विरुद्ध बाजूचा समजत होतो. मी पुढारलेला, ते जुन्या विचारांचे. पण त्या मुलीच्या जागेवरून पाहिलं तर आम्ही दोघे एकाच बाजूला उभे होतो.

म्हणून मला दोन शब्द वेगळे करायचे आहेत. आपल्याकडे ते सारखे मिसळतात. एक 'इज्जत' आणि दुसरा 'खासगीपणा'. इज्जतीचा प्रश्न असतो: लोक काय म्हणतील? त्याचं उत्तर चाचा देतात, मोहल्ला देतो. खासगीपणाचा प्रश्न असतो: तिला हे चालणार आहे का? त्याचं उत्तर फक्त ती देऊ शकते. आज मी खासगीपणावर बोलतोय आणि मला भीती आहे की उद्या कुणीतरी हेच भाषण घरी नेऊन सांगेल, 'बघ, इंजिनिअरसुद्धा म्हणतो, मुलींचे फोटो नकोत, मैदान नको.' तसं मी म्हणत नाहीये. मुंब्र्यात 'परचम' या गटातल्या मुलींनी फुटबॉल सुरू केला, खेळायला जागा मागितली. त्या खेळताना दिसल्या, म्हणून तर आमच्यासारख्यांना धीर आला. मुली दिसायला हव्यात. पण कशा आणि कुठे, ते त्यांनी सांगायला हवं.

आणि हे मुलींपुरतंच नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलांच्या संघात चौदा वर्षांच्या मुलाने चुकून स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारला. कुणाच्या तरी मोठ्या भावाने त्याचं रील बनवलं, हसण्याचा आवाज लावला. दोन दिवसांत अख्ख्या पेठेत ते फिरलं. त्या पोराला शाळेतही त्याच नावाने हाक मारू लागले. त्याने खेळ सोडला. तिथे इज्जतीचा प्रश्न कुणी काढला नाही, कारण तो मुलगा होता. 'मुलगा आहे, चालायचंच, घट्ट होईल.' पण त्याचाही खासगीपणा गेलाच होता ना? पोरांचे फोटो तर आपण मोजतही नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स, दहावीची मार्कशीट स्टेटसला. त्या मार्कशीटवर बैठक क्रमांक असतो, आईचं नाव असतं. पहिला रोजा ठेवला की स्थानिक पेपरात फोटो, नाव, वय, वडिलांचं नाव आणि मोहल्ला. सहा वर्षांच्या पोराचं कौतुक व्हावं, जरूर व्हावं. पण पूर्वी ते कात्रण दादीच्या ट्रंकेत जायचं. आता ई-पेपरमुळे ते कुठूनही उघडता येतं. आपली सवय तीच राहिली आणि कागद बदलला.

कायदा काय म्हणतो, हेही पाहू. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मुलांविषयी वेगळं लिहिलंय. आजची मुलं अक्षरं शिकता शिकताच इंटरनेटवर कायमच्या खुणा सोडतात, आणि लहानपणीच्या चुकांचं ओझं त्यांनी जन्मभर वाहू नये, असा त्याचा आशय आहे. नंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक. त्यांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींच्या पूर्ततेसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

चांगला कायदा आहे, पण आमच्या गोलकीपरला तो किती पुरतो? एक तर, व्यक्तीने घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी केलेला वापर या कायद्याबाहेर ठेवलाय. घरच्या स्टेटसला, मामाच्या फेसबुकला तो लागणार नाही. दुसरं, तो पालकांना विचारायला सांगतो. मुलीला विचारायला सांगत नाही. सतरा वर्षांच्या मुलीचंही मत त्यात वेगळं मोजलेलं नाही. ती जागा भरायला आपल्याला दुसरीकडे पाहावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत, १९८९ च्या. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. तिच्यातली तीन कलमं आमच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवली आहेत. बारावं कलम: मुलाशी संबंधित निर्णयात त्याचं मत ऐकलं जावं. सोळावं: मुलालाही खासगीपणाचा हक्क आहे. एकतिसावं: मुलाला खेळण्याचा हक्क आहे. तिन्ही एकत्र वाचा. खासगीपणासाठी खेळ हिरावू नये, खेळासाठी खासगीपणा देऊन टाकू नये आणि दोन्ही वेळा मुलाला विचारावं.

आता आम्ही काय बदललं, ते सांगतो. तुमच्यातले कितीतरी जण अभ्यासिका चालवतात, उन्हाळी शिबिरं घेतात, क्रिकेटच्या टीम सांभाळतात. तुम्हाला उपयोगी पडेल.

नाव नोंदवतानाच पालकांना चार वेगळे प्रश्न विचारतो. फोटो खोलीत भिंतीवर लावला तर चालेल? पालकांच्या ग्रुपवर? आमच्या खुल्या खात्यावर? वर्तमानपत्रात? पूर्वी आमच्या अर्जात एकच ओळ होती, 'फोटो वापरण्यास हरकत नाही', आणि ती कुणी वाचायचं नाही. आता प्रत्येक प्रश्नाला वेगळी खूण करायची असते.

मग फोटोच्या दिवशी मुलीला स्वतःला विचारतो, सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन. पालक हो म्हणाले आणि मुलगी नाही म्हणाली, तर उत्तर 'नाही'. कारण विचारायचं नाही. आणि 'नाही' म्हटल्याने संघातली जागा, सामन्यातला वेळ, बक्षीस यांतलं काही कमी होणार नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर त्या विचारण्याला अर्थ उरत नाही.

नेहमी दोन फोटो काढतो. पहिला सगळ्यांचा. त्याच्या प्रती छापून प्रत्येकीला देतो, एक भिंतीवर लागते. दुसरा बाहेर टाकण्यासाठी: पाठमोऱ्या मुली गोल करून उभ्या आहेत, चिखलाचे बूट, मधे बॉल, करंडकावर ठेवलेले हात. एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावर तेवढी स्मायली चिकटवणं आम्ही बंद केलं. त्याने ती लपत नाही, उलट सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच जातं.

चेहरा आणि नाव एकत्र टाकत नाही. शाळेचं नाव नाही. पुढच्या सरावाची वेळ आणि जागा जाहीर लिहीत नाही, चौकशी करणाऱ्या पालकांना फोनवर सांगतो. जे टाकायचं ते मैदान सोडून घरी पोचल्यावर. नव्या जर्सीवर पाठीमागे नुसता नंबर आहे, नाव छापलेलं नाही. 'काढून टाका' असं मुलीने कधीही सांगितलं तर त्याच दिवशी काढायचं, आणि ते कुणी काढायचं त्याचं नाव ठरलेलं आहे. सध्या तो मीच आहे.

आणि काही घडलंच, तर मुलांना आधी ओरडायचं नाही. सात नंबरने मेसेज आईला दाखवला, कारण आई मोबाइल काढून घेणार नाही हे तिला माहीत होतं. ज्या घरात मोबाइल आधी हिसकावतात, तिथे पोरं सांगत नाहीत. स्क्रीनशॉट जपून ठेवा. सायबर तक्रारीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दोन नंबर फोनमध्ये ठेवा.

हे सगळं सांगितल्यावर एक मित्र मला म्हणाला, "अरे, एवढी भानगड केलीस तर मुलींचं कौतुक कसं व्हायचं? निवड समितीला कळणार कसं?" प्रश्न बरोबर आहे. आमच्या एका स्ट्रायकरला पेपरात नावासकट फोटो हवा होता. तिचे पालकही तयार होते. आम्ही तिच्या शाळेच्या शिक्षकांबरोबर बसून बातमी दिली आणि तिने ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं. विचारलं की प्रत्येक वेळी नकारच येतो, असं नाही.

आता गोलकीपरबद्दल. ती पाच महिने आली नाही. मी तिच्या घरी पुन्हा चहाला गेलो आणि या वेळी मुलींच्या शिक्षणावर, खेळावर भाषण दिलं नाही. चाचांना सांगितलं, "चूक माझी झाली. तुमची परवानगी घ्यायला हवी होती असं मी म्हणत नाही. हिला विचारायला हवं होतं." चाचांना ते फारसं आवडलं नाही. पण तिची अम्मी दाराशी उभी राहून ऐकत होती. पुढचं जे काही घडवलं ते तिने घडवलं, कसं ते मला आजही पूर्ण माहीत नाही. एका रविवारी ती पोरीला घेऊन स्वतः मैदानावर आली आणि सराव संपेपर्यंत कट्ट्यावर बसून राहिली.

त्या दिवशी मी गोलकीपरची माफी मागितली. तिने बॉल जमिनीवर आपटत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, तुम्ही विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं."

मला वाटलं, चला, माफ केलं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"मग चाचांनी विचारल्यावर मला सांगता आलं असतं, मीच हो म्हटलंय म्हणून. मला काही माहीतच नव्हतं. मी काय सांगणार होते?"

मित्रमैत्रिणींनो, संमती या विषयावर मी बरंच वाचलंय, कामावर तर संमतीची बटणं बनवून पोट भरतो. पण संमती कशासाठी लागते हे मला त्या तेरा वर्षांच्या मुलीने समजावलं. तिला विचारलं असतं, तर तिच्या हातात स्वतःच्या बाजूने बोलायला एक वाक्य असतं. मी ते तिच्याकडून काढून घेतलं होतं.

पुढच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. तरी फोटो काढला. मी तिला बाजूला घेऊन चारही प्रश्न विचारले. भिंतीवर? "चालेल." पालकांच्या ग्रुपवर? "चालेल." इन्स्टावर? थोडा विचार करून म्हणाली, "दहावीनंतर बघू." पेपरात? "जिंकल्यावर." तो फोटो आमच्या खोलीत लागलाय. मधोमध ती आहे, बॉल कमरेवर धरून. पाहायचा असेल तर कोल्हापूरला यावं लागेल.

संध्याकाळी समारोपानंतर पुन्हा एक ग्रुप फोटो निघणार आहे, असं आयोजकांनी सांगितलंय. आपल्यात सोळा-सतरा वर्षांचे पाचसहा जण आहेत. ज्याच्या हातात मोबाइल असेल त्याने 'हसा' म्हणण्याआधी त्यांना विचारावं, हा कुठे टाकू. आणि कुणी नको म्हणालं, तर का म्हणून विचारू नये.

आणि हो, सकाळचा तो फोटो ज्यांनी स्टेटसला लावलाय, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. माझे डोळे मिटलेत त्यात.